बोहनीचा हात

पिशोरच्या रस्त्याला, आमच्या गावच्या फाट्यावर, ती पाटी अजून हाय. वर ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’ आन् खाली ‘परवानाधारक’ म्हून माझ्या थोरल्या जाऊबाईचं नाव, सारजाबाई काकासाहेब, हाताएवढ्या अक्षरात. नाव बाईचं, गल्ल्यावर बसायचा माझा नवरा, आप्पासाहेब. आता मी नवऱ्याला असं एकेरी बोलते म्हून कुणाचं पोट दुखत आसंल तर दुखू द्या. तोंडावर मी अहोच म्हणते. माघारी त्याला जे म्हणायला पाहिजे ते अजून मी म्हणलेलंच नाय.

परवाना मूळचा माझ्या भायाचा, नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. भाया पाणी भरताना साप चावून गेले. दुकान बंद पडायला नको म्हून माझ्या नवऱ्यानं धावपळ केली आन् वारस म्हून परवाना जाऊबाईच्या नावावर करून आणला. जाऊबाईला मी नुसतं बाईच म्हणते. बाईच्या हातावरलं काकणांचं वळ अजून गेलं नव्हतं, तर ह्यानं कागद पुढं सरकवला. म्हणला, “वहिनी, तुमाला काय करायचं नाय. नुसती सही.”

बाईनं सही केली. सातवी शिकलेली बाई, पण तवा तिला कागदाकडं बघायची सुद नव्हती.

आमच्या घरात बायांनी दुकानाची पायरी चढायची नाय, असा दंडक. दुकानाच्या पैशानं विहीर बांधली, दुकानाच्या पैशानं शहरातल्या गुलमंडीवरून पातळं आणली, त्याची लाज नाय. बायांचा पाय तिथं पडला की मातर घराची अब्रू जाणार. मंग आम्ही दोघी जावा आपल्या रानात. बाजाराला गेलं की बाया बाजूला सरायच्या, आपसात बोलायच्या, “बाटलीवाल्या आल्या.” ज्यानं बाटल्या इकल्या त्याला गावात रामराम, आन् हे आमच्या वाट्याला.

त्या साली कापूस एकदम फुटला. रान पांढरं झालं आन् माणूस मिळंना. आम्ही उजेड फाकायच्या आत कमरेला ओटी बांधून सरीत उभ्या राहायचो. बोंडाची टोकं नखाच्या मुळात घुसतात, बोटं चिरतात, संध्याकाळी मिठाचं कालवण खाल्लं की हात पेटतो. आमच्या संगं आवडाबाई यायची. येचायला तिच्यासारखी दुसरी बाई नाय. दोन्ही हातांनी येचायची आन् तोंडातून शब्द काढायची नाय.

एक दिवस तीच बोलली. बाईच्या सरीत आली, ओटी सोडून खाली बसली.

“थोरल्या बाई, तुमच्यापाशी एक मागणं हाय. आमच्या माणसाला घाटीच्या दवाखान्यातून आणलं. पोटात पाणी झालंय त्याच्या. डाक्टर म्हणला, आता थेंब जरी गेला तरी आमच्याकडं आणू नका, सरणाकडं न्या. तो सोडतो म्हणलाय, आन् सोडलीबी हाय. फक्त तुमच्या दुकानातून त्याला देऊ नका.”

“मी कुठं देते गं?” बाई म्हणली.

“पाटीवर नाव तुमचं हाय ना?” आवडाबाई म्हणली. “मंग मी कुणाला सांगू?”

बाईनं हातातलं बोंड ओटीत टाकलं. मंग म्हणली, “माझा शब्द हाय आवडे. आमच्या दुकानातून त्याला मिळायची नाय.”

आता आवडाबाईचा नवरा, सांडू, कोण ते सांगते. सांडू पाथरवट. जात्याला, पाट्याला टाकी लावायचा. हात असा की दगड लोण्यावानी सोलायचा. पण त्याच्या हाताची किंमत आमच्या घरात वेगळ्याच कामाला. माझ्या नवऱ्याची समजूत, सांडूच्या हातानं बोहनी झाली की दिवस चांगला जातो. पहिलं गिऱ्हाईक सांडू, मंगच दुकानाचं दार उघडायचं. दार उघडायची येळ सरकारनं ठरवून दिलेली. पण बोहनी झाल्याबिगर दार कसं उघडायचं? म्हून बाजूच्या खिडकीतून आधी सांडूची बोहनी. वरीसभर नाय, कैक वर्षं. थरथरत्या हातानं त्यो पैसे द्यायचा, माझा नवरा ते पैसे कपाळाला लावायचा.

सांडूनं सोडली आन् इक्री पडली. कापसाचे पैसे अजून कुणाच्या हातात आले नव्हते, शेजारच्या तांड्यावर हातभट्टी सुरू झाली व्हती, हे सगळं शेंबड्या पोरालाबी कळत व्हतं. पण माझ्या नवऱ्याच्या डोक्यात एकच. बोहनीचा हात गेला.

मंग त्यानं डोकं लढवलं. जेवताना मला हसत हसत सांगितलं.

“सांडूला बोलावणं धाडलं. म्हणलं, तू पिऊ नको बाबा. मीच तुला पैसे देतो, ते तू मला दे. मी बाटली तुझ्या हातात देतो, ती तू मला परत दे. वर चहा पाजतो. झाली बोहनी.”

“आन् येतो त्यो?”

“येतो ना. का नाय येणार? फुकटचा चहा.”

माझी भाकर तव्यावरच करपली. दारू सुटलेल्या माणसाच्या हातात रोज सकाळी बाटली द्यायची आन् परत घ्यायची. जनावरापुढंबी कुणी असं वैरण धरून वढत नाय.

मी उठून बाईला सांगितलं. बाई तशीच आली, डोईवरचा पदर सावरत. दिरापुढं ती कवा मोठ्यानं बोलली नव्हती.

“भाऊजी, उद्यापासून सांडूला बोलवायचं नाय. आन् टायमाच्या आधी खिडकी उघडायची नाय. मी आवडीला शब्द दिलाय.”

“वहिनी, मी काय त्याच्या घशात ओततो का?”

“परवाना माझ्या नावचा हाय.”

त्यो हसला. “नाव तुमचं, वहिनी. दुकान माझं.”

बाई जागची हालली नाय. शेवटी त्यानं ताटातल्या भाकरीवर हात ठेवला आन् म्हणला, नाय बोलवत, झालं? बाईचा इस्वास बसला. माझा नाय बसला. मी त्याला रोज बघते.

पुढं काय झालं ते बन्सीनं सांगितलं. बन्सी आमच्या लांबच्या नात्यातला, एका पायानं लंगडा. दुकानात नोकरनामा त्याच्या नावचा, म्हणजे बाटली द्यायला सरकारनं मान्य केलेला नोकर त्यो. माझ्या नवऱ्याचं नाव कुठंच नाय, पण हुकूम त्याचा.

सांडू रोज येतच व्हता. त्या सकाळी त्यानं पैसे दिले, बाटली घेतली. माझा नवरा उदबत्ती लावायला पाठमोरा झाला, आन् सांडूनं बूच फोडून तोंडाला लावली. वळून बघतो तर बाटली रिकामी. सांडू खिडकीचा गज धरून रडत व्हता, म्हणत व्हता, अजून एक दे, आता कशाला ठेवतो. बन्सी म्हणला, मालक, ह्याला घरी सोडून येतो. माझा नवरा म्हणला, “दे त्याला. सकाळच्या पारी गिऱ्हाईकाला नाय म्हणू नये.”

दुसरी त्यानं द्यायला लावली. पिलेल्या माणसाला, मरणाऱ्या माणसाला, शकुन मोडू नये म्हून.

बन्सी रानात लंगडत आला तवा ऊन चढलं व्हतं. आवडाबाईनं नुसतं त्याचं तोंड बघितलं आन् ओटीतला कापूस तसाच सांडत पळत सुटली. आम्ही तिच्यामागं.

फाट्यावर जब्बारचं पंक्चरचं दुकान, आमच्या दुकानासमोर. त्याच्या छपराखाली पोत्यावर सांडू पडलेला. रगताच्या उलटीनं सदरा भिजलेला. जब्बारनं त्याचं डोकं मांडीवर धरलं व्हतं आन् रबराच्या टपातलं पाणी त्याच्या तोंडावर मारत व्हता.

“भाबी, मैं कबसे बोल रहा,” जब्बार बाईला म्हणला. “गाडी बुलाव बोला. आप्पासाहेब बोले, गिऱ्हाईक खोळंबलंय, बघू नंतर.”

समोर दुकानावर गर्दी व्हती. बोहनी चांगली झाली व्हती ना. बाटल्यांचा खणखण आवाज चालूच. माझ्या नवऱ्यानं एकदा मान वर करून आमच्याकडं बघितलं आन् परत सुट्टे मोजायला लागला.

जब्बारनंच एक टेम्पो आडवला. कन्नडचा दवाखाना यायच्या आधीच सांडू गेला.

माती झाली. पाव्हणे पांगले. आवडाबाई घरातून निघाली ती शेणाचं टोपलं घेऊन सरळ फाट्यावर, दुकानाच्या पाटीपाशी. लोक बाजूला झाले. तिला अक्षर येत नाय. ती जब्बारला म्हणली, “ह्यात बाईचं नाव कुठलं, ते दाखीव.”

जब्बार म्हणला, “बहन, जाने दे.”

“दाखीव.”

त्यानं बोट केलं. आवडाबाईनं दोन्ही हातानं शेण घेतलं आन् त्या नावावर फासलं. एकदा नाय. टोपलं रिकामं होईस्तोवर. माझा नवरा आत व्हता. बाहेर आला नाय.

आम्हाला घरी कळलं. माझ्या नवऱ्यानं घरी येऊन बन्सीला पाणी घेऊन पाटी धुवायला धाडलं, तर बाई दारात आडवी झाली.

“धुवायचं नाय. माझ्या नावावर टाकलंय, माझं हाय ते.”

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. मला तिची भीती वाटली आन् बरंबी वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं ओसरीवर बन्सीला उभं केलं. जब्बारनं तालुक्याला कळवलं व्हतं, दारूबंदी खात्याचा साहेब चौकशीला येणार व्हता. नवऱ्यानं कागद लिहून ठेवला व्हता. बन्सीनं मालकाला न इचारता येळेआधी खिडकी उघडली, सांडूला दारू इकली, परवानाधारक बाईला काय माहीत नाय. खाली बाईची सही आन् बन्सीचा अंगठा.

“बन्सीला काय व्हत नाय,” माझा नवरा म्हणला. “थोडे दिवस जाईल आत. मी सोडवतो. त्याच्या घरी दाणे धाडतो.”

बन्सी लंगड्या पायाची मांडी हातानं दाबून धरत उभा व्हता. लहानपणापासून ह्या घरातलं उष्टं खाऊन वाढलेला माणूस, त्यानं नाय म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं. अंगठ्याला शाई लावायला त्यानं हात पुढंबी केला.

बाईनं त्याचा हात धरून खाली केला. “भाऊजी, मला आधी दुकान दाखवा.”

“काय?”

“माझं दुकान. मी बघितलेलं नाय. चला.”

“बायांनी तिथं...”

“परवाना बाईचा चालतो, आन् पाय चालत नाय? चल गं वच्छला,” ती मला म्हणली.

आम्ही भर रस्त्यानं गेलो. लोकं ओट्यावरून उठून उभी राहिली. आत पाय टाकला तर आंबूस वास नाकात बसला. ओली पोती, फुटक्या काचा, भिताडाला लागून रिकामी खोकी. बाजूच्या खिडकीचं लाकूड एका जागी झिजून गुळगुळीत झालेलं. तिथं सांडू हात टेकायचा.

गल्ल्यामागं भिताडावर परवाना टांगलेला, काचेच्या चौकटीत. येणाऱ्याला दिसावा म्हून टांगायचा असतो. पण माझा नवरा त्याची पूजा करायचा. दिवाळीला हळदकुंकू, रोज उदबत्ती, झेंडूचा हार. काचेवर कुंकवाचे लपके वाळून बसले व्हते, धुरानं काच काळी झाली व्हती. खालची अक्षरं दिसत नव्हती. देव केला व्हता त्याचा, म्हून कुणी वाचला नव्हता.

बाईनं हार काढून खाली ठेवला. पदर ओला केला आन् काच पुसली. कुंकू नखानं खरवडलं. मंग बोट ठेवून वाचायला लागली, शाळेत वाचतात तशी, मोठ्यानं. ठरल्या येळेआधी इकू नये. प्यालेल्या माणसाला देऊ नये. कमी वयाच्या पोराला देऊ नये. ओट्यावरचे लोक ऐकत व्हते. एकानं हातातली बाटली धोतराच्या सोग्यात दडवली.

एका ओळीवर बाई थांबली. परत वाचली. “नोकराने केलेल्या कसुरास परवानाधारक जबाबदार राहील.”

“ते नुसतं लिहायला असतं, वहिनी,” माझा नवरा म्हणला. “सगळीकडं हेच लिहितात.”

“असू दे. मला आधी वाचून दाखवायचं व्हतं.”

“तुमाला झेपलं नसतं.”

“सांडूला झेपलं का?” बाई म्हणली.

साहेब जीपमधून आला तवा आम्ही दोघी तिथंच व्हतो. साहेब माझ्या नवऱ्याला म्हणला, हं आप्पासाहेब, बोला. माझ्या नवऱ्यानं खुर्ची पुसली, बन्सीकडं बोट केलं आन् सुरू झाला. बाई मधी आली.

“साहेब, परवाना माझा हाय. इचारायचं ते मला इचारा.”

“बाई, तुम्ही घरी थांबा. ते सांगतायत ना.”

“त्यांचं नाव हाय का परवान्यात?”

साहेबानं कागद बघितला. “नाय.”

“मंग ते कोण? मी सांगते ते लिहा. टायमाच्या आधी ही खिडकी रोज उघडायची. जो मेला त्या सांडूला, त्यो पिलेला असताना, दुसरी बाटली दिली. बन्सीनं ती आपल्या मनानं दिलेली नाय, त्याला हुकूम झाला. हुकूम देणाऱ्याला इथं बसायचा हक नाय आन् त्याला इथं मी बसू दिलं. माझी सही घ्या.”

“बाई, केस तुमच्यावर होईल. दुकान जाईल.”

“व्हऊ द्या.”

माझा नवरा आता लाल झाला व्हता. “साहेब, थोरला भाऊ गेल्यापासून ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. हुकूमबिकूम काय नाय. कुणी ऐकला का हुकूम? बन्सी, तू सांग.”

बन्सीनं मान खाली घातली. ओट्यावरचे लोक आपापल्या चपला बघायला लागले. रोज तिथंच बसणारे, रोज ते बोहनीचं नाटक बघणारे. एकालाबी तोंड नव्हतं. माझ्या अंगाची आग झाली.

“मला इचारा,” मी म्हणले. “मी ह्यांची बायको. सांडूला पैसे ह्यांनीच द्यायचे, बाटली ह्यांनीच हातात द्यायची. ताटावर बसून हसत सांगितलंय मला ह्यांनी. आन् बाईंनी बंद करा म्हणल्यावर भाकरीवर हात ठेवून खोटी आण घेतली, तेबी मी बघितलंय.”

रस्त्याच्या पलीकडून जब्बार आला. हात पुसत म्हणला, “मैं भी लिखवाता साहब. खिडकी कवा उघडते, मेरेकू सब मालूम.”

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. घरी गेल्यावर काय होणार ते त्या बघण्यात व्हतं. झालंही. गालावरची सूज बरेच दिवस उतरली नाय. बाईनं मधी पडून त्याचा हात धरला आन् म्हणली, परत उचलला तर तालुक्याला हेबी लिहून देते. त्यानं उचलला नाय.

दुकानाच्या कुलपावर कापड बांधून लाखेची मोहर मारली. माझ्या नवऱ्याला आन् बाईला, दोघांना कोर्टाच्या तारखा लागल्या. बन्सी आमच्या रानात कापूस येचायला लागला. पायामुळं मागं पडायचा, पण यायचा.

आवडाबाई सुतक सरल्यावर आली. न बोलावता आली. ओटी बांधली आन् बाईच्या शेजारची सरी धरली. दुपारी बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर तिनं घेतला नाय. आपल्या भांड्यातलं पाणी पिली. मंग येचता येचता म्हणली, “तारीख कवा हाय?”

“सोमवारी.”

“मी येणार. तुमच्या बाजूनं नाय पण.”

“नकोच येऊ माझ्या बाजूनं,” बाई म्हणली. “सांडूच्या बाजूनं ये.”

दोघींचे हात थांबले नाय. बोंडं फुटलेली व्हती, येचायचीच व्हती.

आता शेवटचं. बाईचा परवाना रद्द झाल्याचा कागद आला त्या दिवशी माझा नवरा लई गोड झाला. पिशोरहून येताना माझ्यासाठी मिठाईचा पुडा आणला. जेवायला बसला आन् म्हणला, “वच्छला, मी एका वकिलाला भेटून आलो. नवीन अर्ज टाकता येतो. आता तुझ्या नावानं टाकू. तुला काय करायचं नाय. नुसती सही.”

बाई चुलीपाशी व्हती. तिनं वळून बघितलं आन् परत चुलीकडं तोंड केलं. हे माझं व्हतं.

मी वाढता वाढता उठले. गोठ्यात गेले. ताज्या शेणाचं टोपलं भरून आणलं आन् त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. वास त्याच्या घासापर्यंत गेला. त्याचा हात हवेत राहिला.

“टाका अर्ज,” मी म्हणले. “पाटी रंगवायला माणूस बोलवा. माझं नाव चांगलं मोठं काढायला सांगा. रंग वाळला की मला सांगा. शेण मी आत्ताच आणून ठेवलंय.”

त्यो ताटावरून उठला आन् हात धुवायला मोरीकडं गेला. बाईनं त्याचं ताट उचललं, शेणाचं टोपलं मातर तिथंच ठेवलं.